सतरावा पुठ्ठा

१

मावशीच्या धाकट्या लेकीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षीची ही गोष्ट. जुळ्या तेव्हा चार महिन्यांच्या होत्या. लेक रजा संपवून नगरपालिकेच्या दप्तरखान्यात पुन्हा कामावर जाऊ लागली होती, आणि सलग झोप म्हणजे काय हे घरातली माणसं विसरून गेली होती. एक निजली की दुसरी जागी, असा पहारा त्या दोघींनी आपसांत वाटून घेतला होता.

बुधवारी सकाळी मावशी एकीला खांद्यावर घेऊन थोपटत होती, तेवढ्यात लेकीचा फोन आला.

"आई, रंगकारखान्याची फाईल गेली."

"गेली म्हणजे? कुठे गेली?"

"भाऊंच्या घरातून. कुलूपबंद कपाटातून. त्यांचे चिटणीस आत्ताच सांगून गेले. मुख्याधिकाऱ्यांच्याही कानावर गेलंय."

मावशीचा थोपटणारा हात थांबला. एकतीस वर्षं तिने तो दप्तरखाना सांभाळला होता, म्हणून सगळं गाव तिला दप्तरमावशी म्हणायचं. मूळ फाईल मुख्याधिकाऱ्यांच्या लेखी हुकुमाशिवाय उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, हा नियम तिनेच लेकीच्या डोक्यात खिळा ठोकावा तसा ठोकला होता. आणि सोमवारी तिनेच तो मोडायला लावला. गुरुवारी चौकशी समिती बसणार होती. तिथे रंगकारखान्याची मूळ फाईल आपण स्वतः मांडणार, असं भाऊंनी भर सभेत जाहीर केलं होतं. मुख्याधिकारी दौऱ्यावर होते, भाऊंचा निरोप आला, आणि मावशी लेकीला म्हणाली होती, "दे गं. भाऊंना कधी कुणी नाही म्हणतं का?"

"साहेब म्हणाले, चार वाजेपर्यंत फाईल टेबलावर आली तर ठीक. नाही आली तर निलंबनाचा कागद आणि पोलिसांत तक्रार, दोन्ही आजच्या आज."

लेक रडत नव्हती. मावशीला तेच जास्त लागलं.

"मी माझ्या सहीवर दिली होती, आई," लेक म्हणाली. "आणि तुझ्या शब्दावर."

२

जावयाची दुपारपाळी होती, म्हणजे तो दीडपर्यंत घरी, आणि पुढे शेजारीण होतीच. मावशीने दोन्ही मुली त्याच्या मांडीवर ठेवल्या. "दोघी एकदम रडल्या तर आधी कुणाला घेऊ?" त्याने विचारलं. "जी जास्त मोठ्याने रडेल तिला," असं सांगून ती चपला घालून निघाली.

खालच्या आळीतून भाऊंच्या घरी जायला वीस मिनिटं लागत. वाटेत पाण्याच्या टँकरपुढे हंड्यांची रांग होती. आळीतल्या विहिरींवर अकरा वर्षांपासून लोखंडी जाळ्या बसवलेल्या होत्या. जुळ्यांच्या आंघोळीचं पाणीसुद्धा टँकरचं.

भाऊंची सुरुवात या दप्तरखान्यातच झाली होती, हे आता फारसं कुणाला माहीत नव्हतं. पन्नास वर्षांपूर्वी ते तिथे रोजंदारीवर फायली काढायचे आणि लावायचे. मावशी तेव्हा झाडलोटीला होती, निरक्षर. चौदा महिन्यांनी भाऊंनी नोकरी सोडून वॉर्डाची निवडणूक लढवली आणि मग मागे वळून पाहिलं नाही. नगरसेवक झाले, नगराध्यक्ष झाले, दोनदा खासदार म्हणून राजधानीत गेले, अडीच वर्षं राज्यमंत्री होते. पूल त्यांनी आणला, इस्पितळ त्यांनी आणलं, रंगकारखानाही त्यांनीच आणला. मग एका उन्हाळ्यात नदीतून मासे पोट वर करून वाहत आले आणि खालच्या आळीतल्या विहिरींच्या पाण्याला जांभळट झाक आली. अडुसष्टाव्या वर्षी भाऊंनी पक्षाचा राजीनामा दिला आणि नदीसाठी उभे राहिले. रोज सकाळी सहाला पुलावर जायचं, बाटलीत पाणी भरायचं, रंग, वास आणि तापमान वहीत लिहायचं. अकरा वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. आणि प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं: "कारखान्याने आम्हाला अंधारात ठेवून हा सांडपाण्याचा खड्डा खणला."

ती फाईल या वाक्याचा पुरावा होती. निदान सगळे तसंच समजत होते.

भाऊ खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. दाढी वाढलेली, शर्टाची वरची गुंडी उघडी. "मावशी, तू कशाला आलीस?" ते म्हणाले. "तुझ्या पोरीला काही होऊ देणार नाही मी. बोलतो मुख्याधिकाऱ्यांशी."

"बोला की. पण आधी कपाट बघू द्या."

कपाट लोखंडी होतं, कुलूप शाबूत होतं. वरच्या कप्प्यात चळवळीच्या फायली पुस्तकांसारख्या उभ्या, एकीला एक खेटून. मधे एक बोटभर फट. त्या फटीत पांढऱ्या पुठ्ठ्याचा एक तुकडा उभा होता, वरचा उजवा कोपरा मागे दुमडलेला.

"हा कचरा इथे कसा?" शेजारी उभे असलेले चिटणीस म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

"हात लावू नका," मावशी म्हणाली.

कारण तो कचरा नव्हता. दप्तरखान्यात फाईल काढली की तिच्या जागी एक पुठ्ठा उभा करायचा, म्हणजे परत लावताना जागा चुकत नाही. बाहेरच्या माणसाला हे सुचायचं नाही. चोराला तर नाहीच नाही. ज्याने कोणी फाईल नेली होती, त्याचे हात दप्तरखान्यात घडलेले होते.

आणि अशी हयात माणसं मावशी बोटांवर मोजू शकत होती. त्यात पहिली तिची लेक होती.

३

किल्ल्या दोन. एक भाऊंच्या खिशात, साखळीला. दुसरी चिटणीसांकडे.

चिटणीस चोवीस वर्षं भाऊंच्या पदरी होते. त्याआधी चार वर्षं ते दप्तरखान्यात कारकून होते, मावशीच्या हाताखाली. मावशी त्यांना बाहेरच्या ओट्यावर घेऊन गेली आणि आडपडदा न ठेवता म्हणाली, "फाईल तुम्ही नेलीत का?"

चिटणीसांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "मावशी, काल सकाळी नऊ वाजता मी स्वतः ती कपाटात पाहिली. कुलूप लावलं. त्यानंतर दिवसभर मी समितीच्या सभागृहात होतो. खुर्च्या, पंखे, माईक. सभागृहाचा रखवालदार साक्षीला आहे. आज नऊला भाऊंनी माझ्यादेखत कपाट उघडलं, तेव्हा फाईल नव्हती."

"म्हणजे काल नऊ ते आज नऊ. आणि सोमवारी संध्याकाळी कारखान्याचा वकील आला होता म्हणतात."

"आला होता. चहा प्यायला आणि गोड बोलून गेला. पण तो गेल्यानंतरच्या सकाळी मी फाईल पाहिलीय. त्याच्यावर नाही घालता येणार. घालता आलं असतं तर मीच घातलं असतं."

"कपाटात पुठ्ठा उभा आहे. हे दप्तरखान्याचं काम आहे."

चिटणीस हसले, पण हसण्यात कडवटपणा होता. "नीट बघा मावशी. मी लावला असता तर पुठ्ठ्याला भोक पाडून दोरा ओवला असता. दोरा नव्हता म्हणून तुम्ही सगळ्या खात्यादेखत माझी शोभा केली होतीत. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून मला भोकाशिवाय पुठ्ठा दिसला की घाम फुटतो."

दोरा ओवायची पद्धत मावशीनेच आणली होती, स्वतः दप्तरखान्याची मुख्य झाली त्या वर्षी. त्याआधी कोपरा दुमडायचे, बोटाला सापडावा म्हणून. दुमडलेले कोपरे फाटायचे, म्हणून तिने ते बंद केलं. चिटणीस त्यानंतर लागले. लेक तर कितीतरी नंतर.

म्हणजे लेक सुटली. चिटणीसही सुटले. मावशीला हायसं वाटायला हवं होतं, पण मग कोपरा दुमडणारं कोण उरतं, हा विचार मनात आला. तिने तो विचार तिथेच दाबून टाकला.

तेवढ्यात फाटकातून गाडी आत आली आणि भाऊंचा मुलगा उतरला. वयाच्या विसाव्या वर्षापासून तो व्यासपीठावर वडिलांच्या मागे उभा राहत आला होता, म्हणून गाव त्याला युवराज म्हणायचं. आता पंचेचाळिशीला आला तरी राज्याभिषेक काही झाला नव्हता.

"मावशी, तू पोलीस कधी झालीस?" तो म्हणाला.

"पोरीच्या नोकरीवर आलं की आई पोलीसही होते आणि वकीलही. तू काल कुठे होतास?"

"राजधानीत. तिकिटासाठी. आज सकाळच्या गाडीने आलो. आणि ऐक, मला त्या फाईलची गरज तुझ्यापेक्षा जास्त होती. उद्या बाबांनी कारखान्याला उघडं पाडलं असतं, सगळ्या पेपरांत फोटो आला असता, परवा माझं तिकीट पक्कं होतं. मी कशाला चोरू?" मग आवाज उतरवून म्हणाला, "तरी एक सांगतो. गेली तेही वाईट नाही झालं. लोक म्हणतायत, कारखान्यानेच चोरली. फाईल असती त्यापेक्षा जास्त ओरडा होईल."

हे बोलून तो आत गेला. मावशी ओट्यावर उभी राहून त्याच्या पाठीकडे बघत राहिली. फाईल नसल्याने फायदा होणारं माणूस तिला पहिल्यांदाच दिसलं होतं, आणि ते घरातलं होतं.

४

पुलावर बाटलीताई सापडली. ही कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. सात वर्षांपूर्वी भाऊंचं एक भाषण ऐकून ती चळवळीत आली आणि तेव्हापासून तिच्या पिशवीत पुस्तकं कमी आणि नदीच्या पाण्याच्या बाटल्या जास्त. ती कठड्याला टेकून बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, आणि रागाने चिठ्ठ्या वाकड्या लागत होत्या.

"कारखान्याचंच काम आहे, मावशी. दुसरं कोण करणार? त्या फाईलमध्ये दिसलं असतं की त्यांनी नगरपालिकेपासून सगळं लपवलं."

"तू वाचलीस फाईल?"

"नाही. भाऊ म्हणाले, आधी मी एकदा नजर घालतो. सोमवारी संध्याकाळी ते खोलीचं दार लावून बसले होते. मग मीही विचारलं नाही."

"आणि मग?"

"मग काय, तब्येत बिघडली त्यांची. मंगळवारी पुलावर आले नाहीत. आजही नाहीत. वही माझ्याकडे पाठवून दिली. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या वहीत माझं अक्षर पडलं." तिने वही काढून दाखवली. "काळजी वाटते, मावशी. या माणसाकडे बघून मी परदेशातली नोकरी सोडली. आई अजून बोलत नाही माझ्याशी."

मावशीने वही हातात घेतली. ती चौतिसाव्या वर्षी अक्षरं शिकली होती, थोरली मुलगी पहिलीत गेली तेव्हा, तिच्याच पाटीवर. अजूनही ती बोट ठेवून वाचायची. रविवारच्या ओळीपर्यंत भाऊंचं अक्षर होतं, मोठं, उजवीकडे कललेलं, घाईत असल्यासारखं. सोमवार सकाळचीही ओळ त्यांचीच. मंगळवारपासून बाटलीताईचं बारीक, सरळ अक्षर.

फाईल गेल्याचं कळलं बुधवारी, आणि मंगळवारी सकाळी नऊला ती कपाटात होती. भाऊ मात्र मंगळवारी सकाळीच आजारी पडले होते. फाईल हरवण्याच्या आधी.

५

दप्तरखान्यात पोचायला बारा वाजले. लेक मधल्या टेबलाशी बसली होती. समोर उघडा डबा, त्यातल्या पोळीला हात लागलेला नव्हता.

"काल इथे कोण कोण आलं, सांग."

"चौकशी करणारी तू एकटी नाहीस. साहेबांनीही हेच विचारलं." लेकीने आवक-जावक वही पुढे ओढली. "घरपट्टीवाले दोघं. नकाशा मागायला एक इंजिनियर. कारखान्याच्या वकिलाचा माणूस, त्याला मी दारातूनच परत पाठवलं. आणि भाऊ. पण ते वहीत नाहीत, ते कामाला आलेच नव्हते. वहिनींनी जुळ्यांसाठी टोप्या विणल्यात, त्या घेऊन आले. थोडा वेळ बसले. म्हणाले, जुनी जागा आहे, जरा फिरून बघतो."

"आणि तू?"

"तेवढ्यात ह्यांचा फोन आला, धाकटीला ताप वाटतोय म्हणून. आत आवाज येत नाही, म्हणून मी जिन्यात गेले. दहा मिनिटं असेल." लेकीने कपाळ चोळलं. "आई, माझं डोकं चालत नाहीये. आज सकाळी पुठ्ठेसुद्धा चुकीचे मोजले."

"कसे?"

"रोज सकाळी उभे पुठ्ठे मोजतो ना आपण, किती फायली बाहेर आहेत त्याचा मेळ घालायला. काल सतरा होते. आज सोळाच भरले. कालपासून एकही फाईल परत आलेली नाही, मग पुठ्ठा कमी कसा होईल? दोनदा मोजले. म्हटलं, झोप नाही, त्याचा परिणाम. सतराच लिहून टाकले."

मावशी खुर्चीत नीट बसली. "कितव्यांदा मोजलेस तेव्हा सोळा?"

"दोन्ही वेळेला."

"म्हणजे चुकली नाहीस तू. तुझं एकच चुकलं, स्वतःच्या मोजणीवर विश्वास ठेवला नाहीस." मावशी उठली. "परवानग्यांचे घोडे कुठे हलवलेस?"

"हलवले नाहीत. तिसरी रांग, खिडकीकडून. पण आई, ती फाईल बाहेर गेलीय. तिथे कशाला बघायचं?"

"म्हणूनच बघायचं. ती बाहेर आहे म्हणून तिथे कोणीच बघणार नाही."

तिसऱ्या रांगेत लाकडी घोड्यांवर, म्हणजे फायली ठेवायच्या फळ्यांवर, बत्तीस वर्षांपूर्वीच्या परवानग्या उभ्या होत्या. मावशीने आकडे बोटाने वाचत नेले. जिथे लेकीने सोमवारी दोऱ्याचा पुठ्ठा उभा केला होता, तिथे पुठ्ठा नव्हता. तिथे रंगकारखान्याची फाईल होती. आपल्या जागी, सरळ, पाठ पुढे करून.

६

लेकीने हात पुढे केला. "दे, साहेबांना दाखवते. सुटले मी."

"दाखव की. आणि साहेबांनी विचारलं, कुणी आणून ठेवली, तर काय सांगशील? दप्तरखान्याची किल्ली तुझ्याकडेच असते. म्हणतील, हिनेच लपवली, आता अंगावर आलं म्हणून काढली. थांब जरा. मला वाचू दे."

एकशे बारा पानं होती. मावशी खिडकीखालच्या स्टुलावर बसली आणि पहिल्या पानापासून सुरू केलं. भरभर वाचणारा माणूस खुणा बघत जातो, हवं तिथे थांबतो. मावशीला ते येत नव्हतं. ती प्रत्येक पान वाचायची, उलटायची, पाठही बघायची. लेक दाराशी येरझारा घालत होती. एक वाजला, दीड वाजला.

एकेचाळिसाव्या पानावर नगरपालिकेच्या पाणीपुरवठा अभियंत्याची टिपणी होती. तो अभियंता आता हयात नव्हता. त्याने लिहिलं होतं: सदर खड्ड्यातील सांडपाणी वीस वर्षांच्या आत खालच्या आळीतील विहिरींस लागेल. परवानगी देऊ नये.

त्याखाली समासात दुसरं अक्षर होतं. मोठं, उजवीकडे कललेलं, घाईत असल्यासारखं.

मावशी एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत गेली: वाचले. पुढचे पुढे पाहू. परवानगी द्यावी. खाली नगराध्यक्षांची सही.

कारखान्याने कुणालाही अंधारात ठेवलं नव्हतं. दिवा भाऊंच्या हातात होता आणि त्यांनीच तो विझवला होता.

मग सवयीप्रमाणे तिने पान उलटलं आणि पाठ वाचली. ती वाचून झाल्यावर फाईल मिटली, जिथे होती तिथे परत उभी केली, आणि लेकीला म्हणाली, "चारच्या आत मी येते. कुणी आलं तरी त्या रांगेकडे जाऊ द्यायचं नाही."

"पण कुणी ठेवली, ते सांग ना."

"कपाटातल्या पुठ्ठ्याचा कोपरा दुमडलेला होता. तसा कोपरा दुमडणारी माणसं आता दोनच जिवंत आहेत," मावशी म्हणाली. "त्यातली एक मी."

७

भाऊ अजून त्याच खुर्चीत होते. मावशीने दार आतून लावलं.

"भाऊ, फाईल सापडली."

कुठे, असं त्यांनी विचारलं नाही. नुसतंच म्हणाले, "वाचलीस?"

"वाचली. वेळ लागला. तुम्ही तेव्हाही घाईतच लिहायचा."

भाऊंनी डोळे मिटून घेतले. "मला आठवतच नव्हतं, मावशी. खोटं बोलत नाही. दिवसाला पन्नास कागदांवर सह्या करायचो मी. ती भाषणं मी खरं समजूनच करत होतो. सोमवारी ते पान उघडलं तेव्हा वाटलं, हे अक्षर दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

"असेल. आठवत नसेल. पण मंगळवारी केलंत ते तर आठवत असेल. चाळीस वर्षं तुम्ही स्वतःच्या हाताने एक फाईल काढली नाहीत, कपाट उघडायलाही माणूस होता. काल माणसाला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून स्वतः काढलीत. आणि हातांनी त्यांचं जुनं काम केलं. फट दिसली, पुठ्ठा उभा केला, कोपरा दुमडला. मग टोप्यांच्या पिशवीतून फाईल घेऊन गेलात आणि तिच्या जागी लावून आलात."

"जाळता आली असती. जाळली नाही."

"ते मी बघितलं. दप्तरखान्यात राहिलेला माणूस कागद जाळत नाही. पण माणसाचं काय?"

भाऊ उठून खिडकीशी गेले. आता ते बोलले ते सभेतल्यासारखं बोलले, हात पाठीमागे बांधून. "समजून घे. उद्या ते पान पुढे आलं तर चळवळ संपली. त्या पोरीची सात वर्षं गेली. वकील उभा राहून म्हणेल, तुमचाच पुढारी, तुमचीच सही. तेच फाईल चोरीला गेली म्हटलं, तर संशय कारखान्यावर. समिती आणखी मुदत देईल. पंधरा दिवसांनी फाईल आपोआप सापडली असती."

"आणि त्या पंधरा दिवसांत माझ्या पोरीवर चोरीचा आळ."

"तिचं मी बघणार होतो. मुख्याधिकाऱ्यांशी बोललो असतो, वर बोललो असतो."

"पुढचं पुढे बघितलं असतं," मावशी म्हणाली.

भाऊंचे पाठीमागचे हात सुटले आणि ते परत खुर्चीत बसले. त्यानंतर ते सभेतल्यासारखं बोलले नाहीत.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजायला आले होते.

"तू सांगणार का साहेबांना?" त्यांनी विचारलं.

"मी सांगितलं तर पोरगी वाचेल. पण माझ्या तोंडून ते चहाडी ठरेल आणि तुमचा मुलगा म्हणेल, म्हातारी कारखान्याला विकली गेली. तुम्ही सांगितलंत तर ते तुमचं राहील." ती खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसली. "एक विचारू? ते पान तुम्ही उलटलंत का?"

"सही दिसली. पुढे काय उलटायचं?"

"तिथेच तुमचं चुकलं. पाठीमागे शिक्का आहे. टिपणीची प्रत कारखान्याच्या व्यवस्थापकाला मिळाल्याची पोच, तारखेसकट. खड्डा खणण्याच्या पाच महिने आधीची. उद्या ते म्हणणार आहेत ना, आम्हाला काही कल्पना नव्हती? त्यांनी वाचलं होतं, तुम्हीही वाचलं होतं. तो कागद पुढे आला तर ते वाचत नाहीत. तुम्हीही वाचत नाही, ते खरं. दोन्ही एकाच पानावर आहे, त्याला मी तरी काय करू?"

भाऊंनी विचारलं, "आणि ती पोरगी? बाटलीवाली?"

"रडेल. शिव्या देईल. मग उद्या नाहीतर परवा बाटली घेऊन नदीवर जाईल. तिला पाण्याची काळजी आहे, तुमच्या फोटोची नाही. असं मला वाटतं. चूकही असेन."

"युवराजाचं तिकीट गेलं." भाऊंच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच निघालं, आणि ते किंचित हसले. "त्यालाही मागे उभं राहायचा कंटाळा आला असेल."

सव्वातीन वाजले तरी ते उठले नाहीत. मावशीने घाई केली नाही, पण तिच्या हातातला पदराचा काठ पिळून पिळून दोरी झाला होता. तीन पंचवीसला भाऊंनी शर्टाची गुंडी लावली आणि चिटणीसांना हाक मारली. "गाडी नको. चालत जाऊ."

पावणेचारला ते मुख्याधिकाऱ्यांच्या खोलीत उभे होते. मुख्याधिकारी खुर्ची द्यायला उठले, भाऊ बसले नाहीत. खिशातून दोऱ्याचा पुठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यावर लेकीची सही आणि सोमवारची तारीख होती.

"फाईल तिच्या जागेवर आहे," भाऊ म्हणाले. "मी काल परत लावली आणि कुणाला सांगितलं नाही. चोरी झाल्याचं मी खोटं सांगितलं. हे लिहून घ्या, मी सही करतो. या वेळी वाचून करतो."

लेकीला हुकुमाशिवाय मूळ फाईल दिल्याबद्दल लेखी ताकीद मिळाली. ती तिने घरी आणून मावशीला वाचायला लावली. मावशीने ती बोट ठेवून, पाठीसकट वाचली आणि म्हणाली, "बरोबर आहे. दोघींनाही द्यायला हवी होती."

गुरुवारी समितीपुढे भाऊंनी एकेचाळिसावं पान स्वतः वाचून दाखवलं, आधी पुढची बाजू, मग मागची. सभागृह भरलेलं होतं. वाचताना ते स्वतःच्या वाक्याशी अडखळले, म्हणून ते दोनदा वाचलं. कुणीतरी मागून ओरडलं की अकरा वर्षं आम्हाला फसवलंत. भाऊ म्हणाले, "हो." कारखान्याच्या वकिलाने तयार आणलेलं भाषण पिशवीतून काढलंच नाही. दोन महिन्यांनी समितीने खड्डा उपसून बंद करायचा आणि विहिरी साफ करायचा खर्च कारखान्यावर लादला. अहवालात भाऊंवरही अडीच पानं होती.

युवराजाला तिकीट मिळालं नाही. पुलावरची भाऊंच्या नावाची पाटी कुणीतरी काळी केली, आणि ती पुसायला भाऊंनी कुणाला पाठवलं नाही. बाटलीताई तीन आठवडे त्यांच्याशी बोलली नाही. चौथ्या आठवड्यात ती त्यांच्या घरी गेली, वही पुढ्यात टाकली आणि म्हणाली, "माझा सकाळी आठचा तास असतो. सोमवार ते बुधवार तुम्ही जा." ते जात राहिले.

भाऊ त्याच वर्षी नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, मंगळवारी दुपारी दोनच्या सुमारास, इस्पितळात हृदयविकाराने वारले. त्यांना एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली होती.